रविवारी सकाळी दहाचा बिघाड

रविवार, ता. ६ ऑक्टोबर
सकाळी ११ वाजून १० मिनिटं

चि. गुंज हिस अनेक आशीर्वाद.

तुझं १ तारखेचं पत्र काल पोचलं. चार दिवस लागले. पाकिटाचा एक कोपरा दुमडलेला होता, आतला मजकूर शाबूत. आम्ही दोघंही मजेत आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि चढताना गप्प बसतो. मी तिला म्हटलं, अगं, हा दोष भाराचा नाही, कोनाचा आहे. त्यावर ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला पाणसळ लावायला येऊ नका." म्हणजे दुखणं फार नसावं.

हे दुकानात बसून लिहितो आहे. रविवारी दुकान बंद असतं हे तुला ठाऊक आहेच, पण दुरुस्तीला आलेला औषधवाल्याचा वजनकाटा उद्या द्यायचा होता म्हणून आलो. काटा पावणेदहालाच झाला. त्यानंतर सहज बसलो. अकरापर्यंत फोन आला नाही, म्हणजे गाडी, आपली थोरली, व्यवस्थित चालते आहे असं धरतो.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस: "बाबा, वसतिगृहाच्या अंगणातली गाडीची जागा वर्षभरासाठी हवी की नको ते ३१ तारखेपर्यंत कळवायचं आहे. मला वाटतं, नको. गाडी घरी नेऊ या का?" हे मी तीनदा वाचलं. तुझ्या आईने एकदाच वाचलं आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय पोरीने." एकदा वाचून मत देणाऱ्याचं मत मी धरत नाही.

हा विषय तू फोनवर न काढता पत्रात काढलास, ते मात्र योग्य केलंस. आपल्या घरचा नियमच आहे: फोन कामासाठी, पत्र विचारासाठी. दुकानाचा आणि घरचा फोन एकच होता तेव्हा मी तो घातला. तुझी मावशी पाऊण तास फोनवर शेजारणीच्या सुनेचं वर्णन करायची आणि तिकडे गिऱ्हाइकं खोळंबायची. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आला म्हणून नियम काही खिशात जात नाही.

तर गाडी का ठेवावी? पहिली गोष्ट, थोरली ही नुसती गाडी नाही. दहा वर्षांपूर्वी ती एका बेकरीच्या मागच्या अंगणात उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. कोंबडी उठेपर्यंत मी एकोणीस दिवस थांबलो. मग दोन वर्षं एक जुनं पुस्तक समोर ठेवून ती उभी केली. त्या पुस्तकाची ४१ ते ४८ ही पानं उंदरांनी खाल्ली होती. त्या पानांत जे होतं ते मी माझं मी शोधलं. पुढे अख्खं पुस्तक पाहायला मिळालं तेव्हा पान ४४ वर एक चूक सापडली. माझ्या कामात ती नव्हती. आठवीत शाळा सुटलेला माणूस म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस, गाडी तुझ्याहून मोठी, म्हणून तुझ्या आईने तिला थोरली म्हणायला सुरुवात केली. थोरल्या बहिणीला कुणी "घरी नेऊ या का" म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, बिघाड. तू म्हणशील, ती बंद पडते. पडते. पण कशी पडते ते आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असलेला बिघाड म्हणजे अर्धी दुरुस्तीच. पेट्रोल पंपाला वीज देणारी ती काड्यापेटीएवढी काळी डबी तापली की आतले तोंडाला तोंड लागणारे तुकडे चिकटत नाहीत आणि इंजिन मरतं. निदान वीस मिनिटं गाडी रस्त्यावर पळाल्याशिवाय ती तापत नाही. उपाय: बॉनेट उघडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने डबीच्या डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यापासून बोटभर खाली, तीन टकटक. चौथी नाही. हे जगात दोघांनाच येतं.

माझ्या वहीत तुझे पाच बिघाड आहेत. ते उतरवून देतो, म्हणजे तुझ्याकडच्या नोंदीशी ताडून पाहता येतील.

११ ऑगस्ट: गाडी बंद. तू सारखं नाक ओढत होतीस. पेट्रोलचा वास येतोय का विचारलं, तू हो म्हणालीस. नळी तपासायला लावली. थोडी ओली लागली, पुसल्यावर गळती नाही.
२५ ऑगस्ट: तीन टकटकींत सुरू.
८ सप्टेंबर: तीन टकटकींत सुरू. बोलणं बत्तीस मिनिटं. डबी शोधायलाच वेळ लागला.
२२ सप्टेंबर: मागे शिट्टीसारखा बारीक आवाज. पंख्याचा पट्टा सैल असावा.
२९ सप्टेंबर: तीन टकटकींत सुरू.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. पाचही वेळा रविवार आणि पाचही वेळा सकाळी दहा ते सव्वादहा. डबीला वार कळत नाही. विचार चालू आहे.

आणि तू लिहिलंस की गाडीचा निर्णय घ्यायच्या निमित्ताने मी एकदा तिकडे येऊन जावं, म्हणजे तुझी प्रयोगशाळाही पाहता येईल. तुला सोडायला आलो होतोच की. तेव्हा इंजिन तापलेलं होतं म्हणून गाडीपाशी थांबणं भाग होतं. तुम्ही दोघी आत जाऊन आलात, तेवढं पुरे.

तर जागा सोडू नकोस. किलोमीटरचा आकडा दशांशासकट कळव.

तुझा,
बाबा

ता.क. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना मोज. दुपारी मोजलेली हवा म्हणजे अफवा.

✽

बुधवार, ता. १६ ऑक्टोबर
दुपारी २

चि. गुंज हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आकडाही मिळाला. त्यावर येतोच, पण आधी त्या शेऱ्याबद्दल.

तू लिहितेस की प्रयोगशाळेत तू तोललेल्या पदार्थाचं वजन सकाळी एक येतं आणि दुपारी दुसरं, आणि मॅडमनी तुझ्या वहीत "मोजताना हलगर्जीपणा" असा शेरा मारला. हे वाचून मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. हलगर्जीपणा? तुझा? तू जन्मलीस तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुकानाच्या काट्यावर तुला परत तोललं. दवाखान्याचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. तू त्यांनी सांगितलं त्याहून कमी भरलीस म्हणूनच तुझं नाव गुंज पडलं, सोनाराच्या तराजूतलं सगळ्यात लहान वजन. दुसऱ्या दिवशी मी फुकटात त्यांचा काटा लावून दिला. अशा घरची मुलगी मोजण्यात हलगर्जी करत नाही. तो काटा खिडकीपाशी आहे का? दुपारचं ऊन कुठून येतं? टेबलाच्या पायाखाली काही सरकवलंय का? लगेच कळव. अर्थात तिथे शिकलेली माणसं आहेत, माझ्यासारख्याने लांबून काय सांगावं.

आता आकडा. तुला सोडलं तेव्हा ८७,४०६.३ होता. १० तारखेला तू पाहिलास तेव्हा ८७,४१७.३. म्हणजे दोन महिने आणि चार दिवसांत थोरली अकरा किलोमीटर चालली. तुझी आजी शेवटच्या वर्षी काठी घेऊन याहून जास्त चालली होती.

तूच लिहितेस की दर शुक्रवारी अंगण झाडतात, तेव्हा गाडी बाहेर काढावी लागते, रस्ता एकेरी असल्यामुळे विद्यापीठाला पूर्ण वळसा घालून परत यावं लागतं आणि तो वळसा १.२ किलोमीटरचा आहे. बाकी तू बसने जातेस किंवा चालत. गुरुवारी उद्या गाडी हलवायची म्हणून झोप नीट लागत नाही. एका शुक्रवारी विसरलीस तर झाडूवाल्यांनी गाडीभोवती झाडून चाकांवर पालापाचोळा रचून ठेवला. ते वाचून तुझी आई इतकी हसली की तिला गुडघा धरावा लागला. मी हसलो नाही. मी हिशोब मांडत होतो.

तुझ्या पत्रापर्यंत नऊ शुक्रवार झाले, आणि गाडी रचलेल्या पाल्यात राहिली तरी दुपारी तू ती हलवलीसच. नऊ गुणिले १.२ म्हणजे १०.८. उरले दोनशे मीटर. दोनशे मीटर कुणी गाडीने जात नाही. पण ते राहू दे. मुख्य प्रश्न असा की वीस मिनिटं पळाल्याशिवाय डबी तापत नाही. १.२ किलोमीटरला चार मिनिटं लागतात. मग ती पाच वेळा तापली कधी? तीही रविवारी?

दोनच शक्यता दिसतात.

(अ) किलोमीटरचा काटा चुकतो आहे. हे अशक्य, कारण तो मी बसवला आहे.

(ब)

(ब) मी लिहून खोडलं. तुझ्या आईने खोडलेलं उजेडावर धरून वाचलं आणि म्हणाली, "अहो, पत्र लिहिताय की पंचनामा? पोरीला सरळ विचारा ना." मी म्हटलं, सरळ विचारायचं तर आपणही सरळ असायला हवं. ती म्हणाली, "मग व्हा." आणि आत निघून गेली. तिला हे असं अर्धवट ठेवून आत जायची सवय आहे.

तर सांगतो. दुकानातल्या मोठ्या कपाटाचा तिसरा खण तुला माहीत आहे, ज्यात लहान वजनं कापसात ठेवतो. त्या खणात, मागच्या बाजूला, तपकिरी पाकिटात एक नवी डबी आहे. गेल्या मार्चपासून आहे. बसवायला अकरा मिनिटं लागतात. मी ती बसवली नाही.

आधी म्हटलं, जुनी अजून चालते आहे. मग म्हटलं, तू जायच्या आधी बसवू. तू जायच्या आदल्या दिवशी पाकीट हातात घेतलं, बॉनेटही उघडलं. मग मनात आलं की डबी बदलली तर गाडी बंद पडणार नाही. आणि गाडी बंद पडली नाही, तर फोनला काम काय?

काटे लावणाऱ्या माणसाने जाणूनबुजून दोष ठेवलेला माल मुलीबरोबर पाठवला. बाजारात हे कळलं तर माझ्याकडे कांदे तोलायचा काटाही कुणी देणार नाही. रस्त्यात काही झालं असतं तर, हा विचार मी रोज करतो. थांबलेली गाडी धोक्याची नसते, हे मी स्वतःला समजावतो. ते समजावणं पूर्ण बरोबर नाही, हेही मला कळतं.

आता तू (ब) चं उत्तर दे.

तुझा,
बाबा

✽

गुरुवार, ता. २४ ऑक्टोबर
सकाळी ७ वाजून ४० मिनिटं, दुकान उघडायच्या आधी

गुंज,

आशीर्वाद गृहीत धर. आधी रागाचं लिहितो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तर तू ७ ऑगस्टला, म्हणजे आम्ही तुला सोडून परत फिरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, थोरलीला गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात नेलंस. ती मागची गल्ली एकेरी नाही; वसतिगृहापासून शंभर मीटर, जाऊन येऊन दोनशे. ते हरवलेले दोनशे मीटर सापडले, याचं मला समाधान आहे. बाकी कशाचंच नाही. तिथल्या गॅरेजवाल्या बाईंनी डबी काढली, कानाशी हलवून पाहिली आणि "ही कधीच गेलीय की" म्हणाल्या, आणि नवी बसवली. नऊ मिनिटांत! मी अकरा म्हटलं होतं. आणि त्यांचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावलेलं आहे, हे तू लिहिलंस. ते लिहायची गरज होती का? तरी विचारतो, त्यांनी बॅटरीची तार आधी सोडवली होती का?

राग संपला.

म्हणजे पाचही वेळा थोरली अंगणात थंड उभी होती. तू खोलीत, खाटेवर बसून, "बाबा, बंद पडली" म्हणत होतीस आणि मी इकडे घामाघूम होऊन नकाशा पुढे ओढून तू कुठल्या वळणावर उभी असशील ते शोधत होतो. ८ सप्टेंबरला बत्तीस मिनिटं मी तुला डबी कुठे आहे ते समजावत होतो, आणि तू विचारत होतीस, "डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे की गाडीच्या?" पोरी, तुला नाटकात घालायला हवं होतं. रसायनशास्त्र वाया गेलं.

तू लिहिलेलं एक वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. "पहिल्या रविवारी मला खूप रडू येत होतं आणि घरी बोलायचं होतं, पण फोन कामासाठी असतो ना, म्हणून मी काम शोधलं."

११ ऑगस्टची नोंद मी परत काढून पाहिली. "तू सारखं नाक ओढत होतीस. पेट्रोलचा वास." मी तुला नळी तपासायला लावली, गुंज. तू तिकडे रडत होतीस आणि मी म्हणालो, "नळीवर बोट फिरव, ओलं लागतंय का बघ." तू म्हणालीस, "हो बाबा, थोडं ओलं आहे." मी म्हणालो, "फडक्याने पूस."

ही नोंद मी खोडलेली नाही. खाली फक्त दुरुस्ती लिहिली आहे.

आता माझी बाजूही पूर्ण करतो, नाहीतर पारडं सारखं व्हायचं नाही. २२ सप्टेंबरच्या नोंदीत शिट्टीचा आवाज आहे, पट्टा सैल असावा असं लिहिलेलं आहे. तो पट्टा नव्हता. ती किटली होती. कारण शिट्टी थांबली आणि मागून एका मुलीने विचारलं, "साखर किती घालू?" ते मी स्पष्ट ऐकलं. रस्त्याच्या वळणावर, बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मुलीला साखर किती घालू असं कुणी विचारत नाही. मी तेव्हाच समजलो. आणि पुढे म्हणालो, "बरं, आता मूठ हातात घे. डावं अंग. बोटभर खाली."

ऐकलं ते सगळं लिहितो म्हणणाऱ्या माणसाने "साखर किती" तेवढं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढच्या रविवारी विचारावं लागलं असतं.

(ब) हेच होतं.

आणखी एक. तुला सोडायला आलो तेव्हा मी फाटकाबाहेर गाडीपाशी थांबलो, इंजिन तापलं होतं म्हणून. तू कधी विचारलं नाहीस, पण तुला मोजता येतं. इंजिन वीस मिनिटांत निवतं. मी दोन तास दहा मिनिटं उभा होतो. लोक आत जात होते, बाहेर येत होते, सगळ्यांच्या हातात कागद. आपल्याला कुणी विचारलं, तुम्ही कुठवर शिकलात, तर काय सांगायचं हे ठरेना. उघड्या बॉनेटमागे उभ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

तर निर्णय असा. जागा सोडल्याचं वसतिगृहाला लिहून दे. जी गाडी आठवड्यातून चार मिनिटं चालते आणि गुरुवारची झोप खाते, ती ठेवणं म्हणजे जत्रा नसताना पाळणा उभा ठेवणं. तुझ्या पत्रात हे पहिल्याच दिवशी बरोबर लिहिलेलं होतं. तुझ्या आईने एकदाच वाचलं होतं, हेही नोंदवतो.

बुधवारी, ३० तारखेला, सकाळच्या बसने निघून सव्वाबारापर्यंत फाटकाशी पोचतो. थोरलीला घेऊन जाईन.

मॅडमचा काटा खिडकीपाशी आहे आणि दुपारी त्याच्यावर ऊन येतं असं तू लिहिलंस. टेबलाची पातळी पाहायला पाणसळ बरोबर आणतो. वेळ मिळाला तर पाहू.

तुझा,
बाबा

✽

शुक्रवार, ता. १ नोव्हेंबर
सायंकाळी ६

प्रिय गुंज,

सुखरूप पोचलो. २१४ किलोमीटर, वाटेत एकदाच थांबलो, तेही माझ्या इच्छेने. थोरली एकदाही बंद पडली नाही. चढावर नाही, उन्हात नाही, रेल्वे फाटकापाशी बावीस मिनिटं इंजिन सुरू ठेवून उभी केली तरी नाही. खरं सांगायचं तर कंटाळा आला. घरी येऊन बॉनेट उघडलं आणि गॅरेजवाल्या बाईंचं काम पाहिलं. तारेचं टोक नीट वळवलेलं आहे. एक स्क्रू पाव फेरा कमी आवळलाय असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? बरोबर आवळलाय.

बुधवारी दुकानाला कुलूप पाहून किराणावाला घरी आला आणि तुझ्या आईला हळू आवाजात विचारू लागला, "सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "विद्यापीठात गेलेत." तो म्हणाला, "या वयात?" ती म्हणाली, "उशीर झाला थोडा." हे तिने मला चार वेळा सांगितलं आहे. प्रत्येक वेळी किराणावाल्याचं तोंड अधिक मोठं उघडतं.

त्या दिवशी तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते आता लिहितो. फाटकावर रखवालदाराने विचारलं, कुणाकडे? माझ्या तोंडून निघालं, "काटा तपासायला आलोय." मुलीला भेटायला आलोय, एवढं सोपं वाक्य, पण कामासाठी आलोय म्हटलं की माणूस ताठ उभा राहतो. तेवढ्यात तू धावत आलीस आणि म्हणालीस, "हे माझे बाबा." रखवालदाराने फाटक पूर्ण उघडलं. एका माणसाला आत जायला फाटक पूर्ण उघडावं लागत नाही. मी ते पाहिलं.

काट्याचं तर तू पाहिलंसच. टेबल पाणसळीत होतं, तिथे त्यांची चूक नाही. पण दुपारी एकनंतर ऊन काट्याच्या उजव्या अंगावर येतं, एक बाजू तापते, एक गार राहते, आणि काटा सरकतो. डबीचं आणि त्याचं दुखणं एकच. आतल्या भिंतीपाशी नेऊन तासाभराने तोललं तर सकाळचं आणि दुपारचं वजन जुळलं. मॅडमनी दोनदा स्वतः तोलून पाहिलं. दुसऱ्यांदा तोलणारी माणसं मला आवडतात. मग त्यांनी माझ्यासमोर तुझ्या वहीतला शेरा खोडला आणि बाजूला सही केली. आणि मला ज्या प्रश्नाची तीन महिने भीती वाटत होती तोच विचारला: "आपण हे कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "चाळिसाव्या पानापर्यंत पुस्तकात. पुढे माझं मी."

त्या हसल्या नाहीत. "ते पुस्तक कुठलं?" असं विचारून पेन काढलं. बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास, रस्ता ओलांडायचा नसतानाही. मी गाडीच्या किल्ल्या दुसऱ्या हातात आहेत का ते तपासत होतो. दोनदा तपासलं.

निघताना तू कंपासपेटीतून काढून जुनी डबी माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "ही तुमची, बाबा." टाकून दिली असशील असं मी धरून चाललो होतो.

आता कामाचं, नीट वाच. काल दुपारी, तुझी आई गुडघ्याला शेक देत असताना, मी थोरलीतली नवी डबी काढली आणि जुनी परत बसवली. अकरा मिनिटं लागली. नवी डबी तिसऱ्या खणात पहिल्या नवीशेजारी ठेवली आहे. तुझ्या आईला सांगायचं नव्हतं, पण ती मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "अहो, त्यापेक्षा सरळ फोन करा ना पोरीला, कशी आहेस म्हणून." मी म्हटलं, नियम मीच घातला, मीच कसा मोडू? ती म्हणाली, "धन्य आहे तुम्हा दोघांची," आणि या वेळी आत गेली नाही. हसत तिथेच पायरीवर बसली.

पत्राला चार दिवस लागतात, म्हणून येता रविवार सोडून पुढचा, ता. १०, धरला आहे. त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी थोरलीला घेऊन पाण्याच्या टाकीच्या रस्त्याने निघेन. वीस मिनिटांत डबी तापेल. दहाच्या सुमारास, टाकीच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर, सावलीत आणि कडेला, गाडी बंद पडेल. मी बॉनेट उघडीन, मूठ हातात घेईन, आणि मग मला आठवणार नाही की टकटक डाव्या अंगाला करायची की उजव्या, दोन करायच्या की तीन. वय झालं आहे. जगात हे आणखी एकाच माणसाला येतं.

फोन जवळ ठेव. सावकाश सांग, मी पटकन समजणारा नाही. किटली आधीच चढवून ठेवलीस तरी चालेल.

फोन कामासाठी असतो. हे काम आहे.

दहा तारखेला दहा वाजता रस्त्यात उभा असणारा,

तुझा बाबा